रणादित्याची तीनशे वर्षे

काश्मीरच्या रणादित्य राजाने तीनशे वर्षे राज्य केले, असे बाराव्या शतकातला काश्मिरी कवी कल्हण लिहितो. राजतरंगिणी या त्याच्या काश्मीरच्या राजांच्या इतिवृत्तात, तिसऱ्या तरंगात म्हणजे भागात, एकामागून एक राजे येतात, माणसाच्या आयुष्यात बसतील इतकी वर्षे राज्य करतात आणि जातात. मग हा एक राजा येतो आणि आकडा एकदम तीनशेवर जातो. शेवटी रणादित्य चंद्रभागेच्या, म्हणजे आजच्या चिनाबच्या, पाण्यातल्या एका गुहेतून पाताळात उतरतो. त्याचा मुलगा विक्रमादित्य गादीवर बसतो, बेचाळीस वर्षे राज्य करतो, आणि ग्रंथ काहीच न घडल्यासारखा पुढे चालू लागतो.

मी या जागी थबकलो तो बराच काळ. राजा तीनशे वर्षे जगला हे मला खुपले नाही. पुराणे ऐकत वाढलेल्या माणसाला तेवढे चालते. खुपले ते दुसरेच. हे लिहिणारा माणूस भाबडा नव्हता. त्याच्याइतका सावध, कागदपत्रे तपासणारा इतिवृत्तकार संस्कृतात त्याच्याआधी सापडत नाही. त्याने तीनशे हा आकडा लिहिला तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल? जुन्या इतिवृत्तांकडे मी वळलो तो या एका प्रश्नामुळे, आणि अजून त्यांच्यातून बाहेर पडलेलो नाही.

कल्हणाने राजतरंगिणी लिहायला घेतली शके १०७० मध्ये, म्हणजे ११४८ साली, आणि पुढच्या वर्षभरात संपवली. आठ तरंग, जवळपास आठ हजार श्लोक. त्याचा बाप चंपक हा काश्मीरच्या हर्ष राजाचा मंत्री होता, त्यामुळे दरबार त्याने आतून पाहिलेला होता. स्वतः मात्र तो कुठल्या पदावर दिसत नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो एक कसोटी सांगतो: ‘श्लाघ्यः स एव गुणवान् रागद्वेषबहिष्कृता । भूतार्थकथने यस्य स्थेयस्येव सरस्वती ॥’ घडून गेलेल्या गोष्टी सांगताना ज्याची वाणी न्यायाधीशासारखी राग-लोभ बाजूला ठेवते, तोच गुणी आणि स्तुतीला पात्र. हे लिहून तो थांबत नाही, आपण काय काय पाहिले त्याचा हिशेब देतो. आधीच्या पंडितांचे अकरा ग्रंथ, शिवाय नीलमुनीचे मत. देवळांच्या स्थापनेची आणि दानांची राजशासने, प्रशस्तिपट्ट म्हणजे राजस्तुतीचे लेख, शास्त्रग्रंथ. हे सगळे पाहून माझा भ्रमाचा शीण गेला, असे तो म्हणतो. आधीच्यांची भीडभाड ठेवत नाही. क्षेमेंद्राच्या नृपावलीबद्दल तर तो स्पष्ट लिहितो की कवीची कृती असली तरी अनवधानामुळे तिचा एक भागही निर्दोष नाही.

आणि मग येते ती जागा, जी मला संपूर्ण ग्रंथात सगळ्यात मोलाची वाटते. कल्हण म्हणतो, सुरुवातीच्या बावन्न राजांची परंपरा तुटली, त्यांच्या नोंदी नष्ट झाल्या. त्यांतले गोनंद वगैरे चार मला नीलमतात, म्हणजे त्या नीलमुनीच्या पुराणात, मिळाले. लव आणि त्याच्या पुढचे असे आठ पद्ममिहिराने हेलाराजाच्या पार्थिवावलीवरून दिले होते, ते मी घेतले. अशोकापासूनचे पाच छविल्लाकराकडून. चार, आठ आणि पाच मिळून सतरा. बावन्नांतून सतरा गेले की पस्तीस उरतात. हे पस्तीस राजे विस्मृतीच्या समुद्रात बुडाले, त्यांची ना नावे ना कृत्ये, असे लिहून तो पुढे जातो.

बाराव्या शतकातल्या राजवंशाच्या ग्रंथात ‘सापडले नाही’ हे शब्द आहेत! पस्तीस नावे रचायला कल्हणासारख्या कवीला एक संध्याकाळ पुरली असती. त्याला हटकणारे कोण होते? पण त्याने ती जागा कोरी सोडली.

आता अडचण अशी की ज्याने पस्तीस नावे रचली नाहीत, त्यानेच एका राजाला तीनशे वर्षे दिली. हे कसे जुळवायचे?

याचे उत्तर कालगणनेत आहे. कल्हणाला हातात आलेल्या परंपरेने आरंभबिंदू ठरवून दिला होता: कलियुगाची ६५३ वर्षे उलटल्यावर युधिष्ठिराचे राज्य, आणि त्याच काळात काश्मीरचा पहिला गोनंद. दुसरे टोक होते कार्कोट घराणे, सातव्या शतकातले, ज्याची वर्षे बऱ्यापैकी ठाऊक होती. या दोन टोकांमधले अंतर तर ठरलेले, पण त्यात बसवायला राजे कमी. पस्तीस हरवलेल्या राजांच्या वाटची वर्षे त्याने ढोबळ आकड्यात धरली. तरीही पुढे कुठेतरी तीन शतके उरतच होती. ती एका माणसाच्या नावावर चढली. हे कल्हणाने केले की त्याच्या आधीच्या एखाद्या यादीतच झालेले होते, हा अभ्यासकांचा वाद आहे; माझे मत दुसऱ्या बाजूचे. पण रणादित्याचे तीनशे हे बढाईतून आलेले नाहीत. बेरीज जमवण्यासाठी घातलेला तो आकडा आहे, आणि तो इतका उघड आहे की लपवण्याचा प्रयत्नसुद्धा दिसत नाही.

या मोठ्या आकड्याला शोभेल अशी गोष्ट मग त्याच्याभोवती गुंफली गेली. मागच्या जन्मी रणादित्य जुगारी होता. सगळे हरल्यावर तो विंध्यातल्या भ्रमरवासिनी देवीच्या दर्शनाला निघाला. तिथवरची वाट भुंग्यांच्या मोहोळांनी भरलेली, वज्रासारखे त्यांचे डंख. त्याने अंगावर लोखंडी चिलखत चढवले, त्यावर रेड्याचे कातडे, त्यावर शेणमातीचा लेप उन्हात वाळवून घेतला. भुंग्यांनी एकेक थर फोडला. शेवटी हाडांचा सापळा उरलेला हा माणूस देवीपुढे पोचला, आणि पुढच्या जन्मी तीच देवी त्याची राणी रणारंभा झाली. वाचताना माझा हात बिनपुराव्याच्या मजकुराखाली रेघ मारायला उचलतो आणि तसाच राहतो. लोखंड, कातडे, शेणमाती: हे तीन थर ज्याने मनात पाहिले त्याला या माणसाची हाव नेमकी कळली होती.

पहिल्या तरंगात तर दंतकथाच दंतकथा आहे. आधी सगळे खोरे म्हणजे सतीसर नावाचे सरोवर, त्यात जलोद्भव राक्षस, कश्यपाने पाणी वाट करून काढून दिले आणि भूमी उघडी पडली. पहिला गोनंद जरासंधाच्या मदतीला मथुरेवर चालून जातो आणि बलरामाच्या हातून मरतो. त्याचा मुलगा दामोदर सूड घ्यायला निघतो आणि कृष्णाकडून मारला जातो. दामोदराची बायको यशोवती गरोदर असते. कृष्ण तिलाच अभिषेक करवतो. मंत्री कुरकुरतात तेव्हा काश्मीरची भूमी म्हणजे पार्वती, असे पुराणवचन सांगून तो त्यांना गप्प करतो. मग दुसरा गोनंद जन्मतो. आणि इथे कल्हण एक वाक्य लिहितो ज्यावर माझा फार जीव आहे: हा राजा तेव्हा तान्हा असल्यामुळे कौरवांनीही त्याला मदतीला बोलावले नाही आणि पांडवांनीही नाही.

दंतकथेत कुणी असला खुलासा करत नाही. महायुद्धात आर्यावर्तातले सगळे राजे होते, मग आपला राजा कुठे होता, हा प्रश्न कुणीतरी काश्मीरच्या एखाद्या ओसरीवर विचारला असणार आणि कुणीतरी असे उत्तर दिले असणार. उत्तर देणाऱ्याने आपला राजा युद्धात घुसडला नाही, त्याला पराक्रम चिकटवला नाही. पाळण्यात ठेवला. गोष्ट रचतानाही ऐकलेल्या गोष्टीला धक्का लावायचा नाही, ही शिस्त त्यात आहे.

मिहिरकुलाबद्दल लिहिताना मात्र मला सावकाश जावे लागेल. कारण इथे दंतकथेच्या पोटात खरा माणूस आहे.

कल्हणाच्या गणनेनुसार मिहिरकुल येतो इसवी सनाच्या आधी सातशे वर्षांच्या सुमारास. खरा मिहिरकुल हूण राजा, तोरमाणाचा मुलगा, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची नाणी आहेत, ग्वाल्हेरला त्याच्या पंधराव्या राज्यवर्षाचा शिलालेख आहे, आणि मंदसोरच्या स्तंभावर तिथला राजा यशोधर्मा सांगतो की मिहिरकुलाने आपल्या पायांशी मान लववली. म्हणजे कल्हणाचा हिशेब बाराशे वर्षांनी चुकला. इतकेच नव्हे, अशोक आणि हुष्क, जुष्क, कनिष्क हे कुषाण राजेही त्याच्या यादीत असेच खूप मागे सरकलेले आहेत. नावे खरी, हुष्कपूर आणि कनिष्कपूर ही गावे खरी, बौद्धांना दिलेला आश्रय खरा. वर्षे तेवढी वाहून गेलेली.

पण कल्हणाचा मिहिरकुल पाहा. सैन्य घेऊन तो काश्मीरच्या घाटापाशी येतो. एक हत्ती पाय घसरून दरीत कोसळतो. पडताना त्याने फोडलेला हंबरडा राजाला ऐकू येतो, आणि त्याच्या अंगावर आनंदाने शहारे येतात. तो हुकूम देतो: आणखी शंभर हत्ती ढकला. ढकलले जातात. यापुढे कल्हण लिहितो की पाप्याला शिवले तर अंग विटाळते आणि त्याच्या गोष्टी सांगितल्या तर वाणी विटाळते, म्हणून त्याची बाकीची कृत्ये मी सांगत नाही.

पीर पंजालच्या जुन्या वाटेवर एका कड्याला हस्तिवंज म्हणतात. अबुल फझलने सोळाव्या शतकात त्या जागेचे नाव नोंदवले आहे, आणि राजतरंगिणीचे संपादन-भाषांतर करणारा ऑरेल स्टाइन तीनशे वर्षांनी त्या वाटेने गेला तेव्हा तिथल्या लोकांकडे हत्तींची गोष्ट अजून होती. शंभर हत्ती खरोखर पडले का, हे मला माहीत करून घ्यायचे नाही. मला धरून ठेवते ते हे, की बाराशे वर्षांची चूक करणाऱ्या परंपरेने माणूस चुकवला नाही. शिलालेखात मिहिरकुल पराक्रमी आहे, नाण्यावर तो जयशाली आहे. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग त्याला विहार पाडणारा क्रूर राजा म्हणतो. आणि ज्या डोंगरातून तो उतरला तिथल्या लोकांनी शतक विसरून त्याचा तो आनंदाचा शहारा जपला. अशी वर्षे विसरलेली, पण माणूस न विसरलेली आठवण मला इतिहासाबाहेरची वाटत नाही.

कल्हण हे सगळे जमवत होता त्याच सुमारास दूरदूरच्या तीन देशांत आणखी तीन माणसे असल्याच कामात गढलेली होती, हे समजले तेव्हा मला फार बरे वाटले. एकाला दुसऱ्याचा पत्ता असणे शक्य नव्हते.

इंग्लंडात जेफ्री ऑफ मॉनमथ हा पाद्री ११३६ च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहितो. ट्रॉयच्या ईनियसचा पणतू ब्रूटस, त्याच्यापासून सातव्या शतकापर्यंत सलग, एकही फट नाही. लिअर राजा आणि त्याच्या तीन मुली त्याच्याच पानांवर पहिल्यांदा दिसतात, आणि तिथे लिअर धाकटीच्या मदतीने राज्य परत मिळवतो. आर्थर आणि मर्लिन त्याच्यामुळे युरोपभर पोचले. हे सगळे कुठून आणले? तो सांगतो, ऑक्सफर्डचा आर्चडीकन वॉल्टर याने मला ब्रिटनांच्या भाषेतला एक अतिप्राचीन ग्रंथ दिला, त्याचे हे भाषांतर. इतकेच नाही, समकालीन इतिहासकारांना तो सांगतो की तुमच्याकडे तो ग्रंथ नाही, तेव्हा ब्रिटनांच्या राजांबद्दल तुम्ही बोलू नका. तो ग्रंथ आजवर कुणाला सापडलेला नाही. त्याच शतकाच्या अखेरीस विल्यम ऑफ न्यूबर्गने त्याला निर्लज्ज खोटारडा ठरवले. लोकांनी मात्र जेफ्रीला डोक्यावर घेतले; त्याच्या ग्रंथाची दोनशेहून अधिक हस्तलिखिते आज शिल्लक आहेत.

जेफ्रीशी माझे जमत नाही. तो गोष्ट सांगणारा थोर आहे, पण त्याच्या ग्रंथात कुठेही पाय अडखळत नाही, आणि जुन्या काळावर चालताना पाय अडखळलाच पाहिजे असे मला वाटते. तरीही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकायला हवी. स्टोनहेंजचे दगड मर्लिनने पश्चिमेकडून, समुद्रापलीकडच्या आयर्लंडातून आणले असे तो लिहितो. भूशास्त्रज्ञांनी तिथले लहान निळसर दगड तपासले तर ते दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतले निघाले. पश्चिमेकडचेच.

दुसरा कोरियातला. गोरयो दरबारातला किम बुसिक, कन्फ्यूशियसच्या विचारात मुरलेला अधिकारी, ११४५ साली राजाज्ञेने तीन राज्यांचा इतिहास पन्नास खंडांत सादर करतो. सिल्ला राज्याचा पहिला राजा ह्योकगोसे. एका गावप्रमुखाला विहिरीजवळच्या झाडीत एक घोडा गुडघे टेकून बसलेला दिसतो. जवळ जावे तर घोडा नाहीसा, आणि जागेवर एक मोठे अंडे. ते फोडले तर आत बाळ. पुढे सोक घराण्याचा मूळपुरुषही अंड्यातून येतो. किम घराण्याचा मूळपुरुष झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत सापडतो, खाली पांढरा कोंबडा आरवत असतो. किम बुसिक हे सगळे वर्षवार लिहून काढतो. आणि सिल्लाचा वृत्तान्त संपवताना स्वतःच्या नावाने अभिप्राय देतो: हे अंड्यातून जन्मणे, सोन्याच्या पेटीतून उतरणे फारच विचित्र आहे, विश्वास ठेवण्याजोगे नाही, पण लोकांत ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहे आणि खरे मानले गेले आहे.

हा किम बुसिक त्याच किम घराण्यातला होता. सोन्याची पेटी त्याच्या पूर्वजाची.

तिसरा प्रागचा कॉस्मस, थोडा आधीचा. ११२५ मध्ये वारला. बोहेमियाच्या राजघराण्याचा मूळपुरुष प्रशेमिसल हा त्याच्याकडे नांगर धरलेला शेतकरी आहे. राणी लिबुशेचे दूत त्याला राज्यावर बसवायला न्यायला येतात तेव्हा तो झाडाच्या सालीची पायताणे सोबत घ्यायला लावतो. कशाला, विचारले तर म्हणतो, आपण कुठून आलो हे माझ्या वंशजांना कळावे आणि त्यांनी माजू नये म्हणून. ती पायताणे राजवाड्यात अजून जपून ठेवलेली आहेत, असे कॉस्मस लिहितो. पण तो या साऱ्या भागात एकही साल घालत नाही. पहिले साल येते ८९४, पहिल्या ख्रिस्ती सरदाराच्या बाप्तिस्म्याचे. ग्रंथासोबतच्या पत्रात कारणही देतो: सुरुवातीच्या भागासाठी मला इतिवृत्त सापडले नाही आणि साले रचायची माझी इच्छा नव्हती.

या चौघांना मी शेजारी शेजारी ठेवून वाचत आलो. चौघांच्याही ग्रंथांत दंतकथा भरपूर आहे, पण तिच्या प्रमाणावरून त्यांची पारख होत नाही. पारख होते ती पहिल्या भरवशाच्या सालाच्या आधी जो काळोख आहे, तिथे प्रत्येकाने काय केले यावरून. कॉस्मसने गोष्ट सांगितली आणि साल कोरे ठेवले. किमने सालासकट सांगितली आणि खाली आपला अविश्वास नोंदवला. जेफ्रीने काळोखच नाही असे भासवले. आणि कल्हण, माझा आवडता, दोन्ही करून बसला: पस्तीस जागा कोऱ्या सोडल्या आणि एक जागा तीनशे वर्षांनी भरली. त्याच्या त्या विसंगतीमुळे मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याच्यावर दोन्हीकडून ओढ होती. एकीकडे ताम्रपट वाचणारे डोळे, दुसरीकडे पूर्वजांनी हाती दिलेली वंशावळ, जिला लाथ मारता येत नाही.

आपल्याकडे बखरींच्या बाबतीत हाच झगडा झाला. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेची पार चिरफाड केली. अस्सल पत्रापुढे बखरीची किंमत फार थोडी, हा धडा त्यांनी मराठी इतिहासाला घालून दिला. आणि त्याच राजवाड्यांनी १९२४ साली महिकावतीची बखर मोठी प्रस्तावना लिहून छापली. तिच्यात देवधर्म, वंशकथा, दृष्टान्त सगळे आहे. जी जमीन, जी कुळे, जे गाव त्यांना दप्तरांत भेटत नव्हते ते त्यांना तिथे भेटले. यात मला त्यांची माघार दिसत नाही. साधनाला काय विचारायचे हे कळलेला माणूस दिसतो.

कार्कोटांच्या उंबरठ्यावर राजतरंगिणीचा सूर बदलतो. गोनंदांच्या शेवटच्या राजाचा जावई दुर्लभवर्धन हा घोड्यांच्या वैरणीवरचा साधा अधिकारी. एका रात्री तो बायकोच्या महालात येतो तर ती मंत्री खंखाच्या शेजारी झोपलेली. तलवारीवर हात जातो, पण तो स्वतःला आवरतो, आणि खंखाच्या वस्त्राच्या काठावर लिहून जातो: मारण्याजोगा असून तुला मारले नाही, हे लक्षात ठेव. जाग आल्यावर खंखा ते वाचतो, आणि राजा निपुत्रिक वारल्यावर तोच मंत्री दुर्लभवर्धनाला गादीवर बसवतो. हे घडले की नाही कोण सांगणार? पण अनेक पानांनंतर पहिल्यांदा राज्य देवीच्या वराने किंवा नागाच्या कृपेने मिळत नाही. एका माणसाने राग गिळला म्हणून मिळते.

मग चंद्रापीड येतो, आठव्या शतकाच्या आरंभीचा. त्याचे दूत चीनच्या दरबारात गेले, ७२० मध्ये चिनी सम्राटाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. चिनी नोंदींवरून कळते की इथे कल्हणाची वर्षे पंचवीसेक वर्षांनी चुकली आहेत. बाराशेवरून पंचवीसवर! नदी उथळ होऊन तळ दिसू लागल्याची ही खूण.

चंद्रापीडाला त्रिभुवनस्वामीचे देऊळ बांधायचे होते. जागेवर एका चांभाराची झोपडी होती आणि तो हटेना. अधिकाऱ्यांनी तक्रार केली, तर राजा त्यांच्यावरच उखडला: त्याला न विचारता काम सुरू केलेच कसे? बांधकाम थांबवा नाहीतर दुसरीकडे बांधा. दुसऱ्याची जमीन बळकावून पुण्याला डाग कोण लावील? न्यायअन्याय पाहणारे आम्हीच वाकडे चाललो तर सरळ कोण चालेल? चांभार भेटीला आला. तो म्हणाला, ही झोपडी जन्मापासून माझ्या सुखदुःखाची साक्षी, आईसारखी. मडक्याच्या तोंडाची हिला खिडकी, पण चुन्याने झळकणारा तुमचा वाडा तुम्हाला तशी ही मला. ती पाडताना मला पाहवणार नाही. मात्र महाराज स्वतः माझ्या दारी येऊन मागतील तर रीतीला धरून मी ती देईन. राजा त्याच्या दारी गेला आणि पैसे मोजून झोपडी विकत घेतली.

मडक्याच्या तोंडाची खिडकी. भिंतीत फुटक्या मडक्याचा गळा बसवला की उजेड येतो. पाचशे श्लोक विजयांचे वाचले तरी त्या काळच्या गरिबाचे घर दिसत नाही, ते या चार शब्दांत दिसते. हे कुठल्याही प्रशस्तिपट्टावर नसणार. कल्हणाने ते चारशे वर्षांनंतर लिहिले, म्हणजे तोवर कुणीतरी ते तोंडोतोंडी सांभाळले होते, किंवा त्याने स्वतःच्या वाटेवर तशी घरे पाहिली होती. दोन्हींपैकी काहीही असले तरी मला चालते.

नवव्या शतकातल्या अवंतिवर्म्यापासून, म्हणजे ८५५ पासून, पायाखाली पक्की जमीन लागते. गंमत म्हणजे पक्क्या जमिनीवरही दंतकथेसारखी माणसे भेटतात. सुय्या नावाचा अनाथ पोर, लोक त्याला वेडा म्हणत. तो राजाकडून दिनारांची भांडी मागून घेतो आणि दगडगोट्यांनी तुंबलेल्या वितस्तेत, म्हणजे झेलम नदीत, ओंजळीने फेकतो. दुष्काळाने गांजलेले लोक नाण्यांसाठी पाण्यात उतरतात, दगड उपसून काढतात, नदीला वाट होते. मग तो बांध घालतो, कालवे काढतो. दोनशे दिनारांची खंडीभर साळ छत्तीस दिनारांवर येते, असे कल्हण भाव देऊन सांगतो. सोपोर हे गाव त्याच सुय्याच्या नावाचे.

पुढे श्लोकांची संख्या बघत गेले तरी चित्र कळते. पहिला तरंग ३७३ श्लोकांचा, त्यात हजाराहून जास्त वर्षे. आठवा तरंग साडेतीन हजारांच्या जवळ, त्यात पन्नासेक. आपल्या बापाने पाहिलेला हर्ष त्याने जसा रंगवला आहे तसा राजा त्याआधी कुठे नाही: गाणारा, कवी, उधळा, आणि शेवटी देवळांतल्या मूर्ती उपटायला खास अधिकारी नेमणारा. परिहासपूरची बुद्धमूर्ती वाचली ती कल्हणाचा चुलता कनक याने विनंती केली म्हणून. ११०१ मध्ये हर्ष मारला गेला. ही आठवण कल्हणाच्या घरातली होती, आणि मला वाटते, मिहिरकुलाचे हत्ती लिहिताना त्याचा हात कापला असेल तर या आठवणीमुळे.

राहता राहिले ते पस्तीस राजे. कोरी जागा लोकांना बघवत नाही. एकोणिसाव्या शतकात पीर हसन शाह खुयहामी यांनी काश्मीरचा फारसी इतिहास लिहिला. त्यात कल्हणाला न मिळालेल्या राजांची नावे आणि वृत्तान्त दिले. आधार म्हणून सांगितले एक रत्नाकर पुराण आणि त्याचे पंधराव्या शतकातला सुलतान जैनुल आबिदीन याच्या काळातले मुल्ला अहमदकृत भाषांतर. ती दोन्ही आज कुणाच्या हाती नाहीत. ऑक्सफर्डच्या आर्चडीकनचा ग्रंथ काश्मीरच्या खोऱ्यातही होताच म्हणायचा. त्या नावांची यादी मी आवडीने वाचली आहे, काही नावे सुरेखही आहेत. पण माझ्या वहीत पहिल्या तरंगाचे टिपण आहे तिथे राजांच्या रकान्यात मी कल्हणाचे सतराच लिहिले, आणि पुढे जागा सोडून तिसऱ्या गोनंदापासून पुन्हा सुरुवात केली.